चिंधी गप्प झाली

टेलरबाईच्या दादाच्या बंद पडलेल्या दुकानाबाहेर सकाळपासून मांजरांची रांग लागली होती. टोपल्यांत, पिशव्यांत, उशीच्या जुन्या अभ्र्यांत कोंबलेली मांजरं जीव तोडून ओरडत होती आणि त्यांचे मालक एकमेकांना आपापल्या मांजराची दुखणी सांगत होते. आत गादीवर मुकेबाबा बसले होते. मुक्या जिवांची भाषा समजते म्हणून मुकेबाबा. स्वतःच्या तोंडाला मात्र त्यांनी कधी विश्रांती दिल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

"वेदना म्हणजे काय? लहरी. उलट्या फिरलेल्या लहरी. मी त्या सुलट करतो. शुद्ध विज्ञान आहे हे. परदेशातून बोलावणं आलं होतं, म्हटलं, आधी आपली मांजरं, मग त्यांची."

मग ते फिसकारणाऱ्या मांजरावर काळी शाल टाकत, दोन्ही हात शालीखाली घालत आणि पुटपुटत. बघता बघता मांजर कापसाच्या बोळ्यासारखं मऊ पडे. बाबांचा उजवा हात थरथरू लागे. "आली, माझ्या हातात आली वेदना," असं म्हणून ते हात बादलीतल्या पाण्यात झटकत. लोक डोळे विस्फारून बादलीकडे बघत. पाण्यात काय दिसणार होतं देव जाणे, पण बघत.

कुणी शंका काढलीच तर रांगेतलंच कुणीतरी समोर बोट दाखवी. "त्या टेलरबाईंना विचारा. त्यांच्या चिंधीला गुण आला." टेलरबाईंच्या शब्दाला गल्लीत वजन होतं. कापड उरलं तर बोटभर तुकडासुद्धा परत देणारी बाई. ती कशाला खोटं बोलेल?

आणि ती खोटं बोललीही नव्हती.

चिंध्यांच्या पोत्यात सापडलेलं पिल्लू म्हणून नाव चिंधी. कापड बेतायला घेतलं की ही बया नेमकी खडूच्या रेघेवर येऊन बसायची. गिऱ्हाइकाच्या काळ्या पँटवर पांढरे केस, अस्तरावर पायांचे ठसे, टेलरबाई दिवसभर तिच्यावर खेकसायची. मग कधीतरी चिंधीनं टेबलावर चढणं सोडलं. मशीनखाली पाय पोटाशी घेऊन बसून राहू लागली. "शहाणी झाली हो तुमची मांजर," गिऱ्हाइकं म्हणाली आणि टेलरबाईलाही तसंच वाटलं. कामाचा खोळंबा टळला म्हणून तिला बरंच वाटलं. पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या तेव्हा ती म्हणाली, आळशी झालीय. एक दिवस गालावरून हात फिरवताना चिंधी कडाडून चावली, तेव्हा कुठे ती घाबरली आणि तिनं दादाला सांगितलं. थोरला भाऊ. आईवडिलांच्या मागे तिचं काय ते माहेर म्हणजे हाच.

"डॉक्टरकडे नेऊ का रे?"

"डॉक्टर सुया टोचतील. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे," दादा म्हणाला. त्यानं बाबांना आधी तिच्याच घरी आणलं. शाल पडली, चिंधी मऊ झाली, टेलरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर चिंधी कुणाला चावली नाही की ओरडली नाही. टेलरबाईनं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, आणि लवकरच दादाच्या दुकानाचं शटर वर गेलं.

त्या दिवशी समोर रांग ऐन भरात असताना टेलरबाईला शर्टाच्या, मशीनवरून खाली लोंबणाऱ्या पांढऱ्या कापडावर लाळेचा डाग दिसला. लाळेत रक्त होतं. तिनं मशीनखाली वाकून बघितलं, तर चिंधीचा एक डोळा सुजून अर्धा मिटला होता. ती धावत दादाकडे गेली.

"घाण बाहेर पडतेय," दादा रांग सांभाळता सांभाळता म्हणाला. "चांगलं लक्षण आहे. आता मधेच डॉक्टर करू नकोस, सगळं उलटेल."

आयुष्यात पहिल्यांदा तिनं दादाचं ऐकलं नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी चिंधीचा ओठ जरासा उचलला आणि लगेच खाली सोडला. "दाढ मुळापासून किडलीय. पू डोळ्याखालपर्यंत चढलाय. जेवत नसेल ना?"

"जेवते की. वाटीपाशी जाते."

"जाते. पण खाते का?"

टेलरबाईला आठवेना. वाटीतलं संपत होतं खरं, पण खिडकीतून बाहेरचा बोका येत होता हेही तिला माहीत होतं.

"पण ती शांत झाली होती हो," ती म्हणाली.

"दुखणारं मांजर शांतच होतं. आपण अशक्त आहोत हे कुणाला कळू नये, ही त्यांची उपजत धडपड. उडी मारत नाही, अंग चाटत नाही, कोपरा धरतं, हात लावला की चावतं. हाच त्यांचा आरडाओरडा. आणि माणसांची दुखण्यावरची गोळी नाही ना दिली? ती मांजराला विष असते."

"नाही. फक्त बाबांचा हात..."

डॉक्टरीणबाईंनी चिंधीच्या मानेवरचे केस बाजूला केले. तिथे कातडीवर दोन चपट्या जखमा होत्या, दाते उमटलेल्या. टेलरबाई बघतच राहिली. कापडाचे थर धरून ठेवायच्या क्लिपा असतात, त्यांचेच दाते. ते तिनं डोळे मिटूनही ओळखले असते.

"पिल्लाला आई मानेला धरून उचलते, तेव्हा ते हातपाय सोडून देतं," डॉक्टरीणबाई सांगू लागल्या. "मोठेपणीही बऱ्याच मांजरांची मान चिमटीत धरली की ती तशीच मऊ पडतात. काही भीतीनं थिजतात. दुखणं तसंच राहतं, फक्त हालचाल थांबते."

तिच्या खणातल्या क्लिपा कमी झाल्या होत्या. त्या खणाला तिच्याशिवाय एकच माणूस हात लावायचा, दादा.

"दाढ आत्ताच काढावी लागेल. अंगात ताकद उरलेली नाही, भूल सोसेल की नाही सांगता येत नाही. फोन करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

टेलरबाई तिथे बसली नाही. तडक दादाच्या दुकानात शिरली. बाबांसमोर एका म्हाताऱ्या न्हाव्याचं लंगडं मांजर शालीखाली मऊ पडलं होतं आणि बाबांचा हात थरथरत होता. तिनं शाल ओढून काढली. मानेवर तिच्याच निळ्या क्लिपा होत्या. तिनं त्या अलगद सोडवल्या. मांजर उठलं, अंग झटकलं आणि तीन पायांवर लंगडत न्हाव्याच्या मांडीशी गेलं.

"अहो, लंगडतंय की अजून," न्हावी म्हणाला.

"क्लिपा लागतातच," बाबा सावरून म्हणाले. "लहरी निसटू नयेत म्हणून. विज्ञान आहे ते."

"मग शालीखाली का लपवता?" न्हाव्यानं विचारलं. वेदनांवर अखंड बोलणारे बाबा यावर पहिल्यांदाच नावाला जागले.

टेलरबाई लोकांकडे वळली. "माझ्या शब्दावर तुम्ही इथे आलात. माझी चिंधी बरी झाली नव्हती, गप्प झाली होती. मी बघितलं नाही, मानून मोकळी झाले. तुम्ही बघा. मांजर नीट खातं का, उडी मारतं का, एरवीसारखं वागतं का ते रोज बघा, आणि बदल दिसला की डॉक्टरकडे न्या. कुणी चमत्कार दाखवला तर आधी शाल उचला. माझ्यावरही नुसता विश्वास ठेवू नका."

रांग कुरकुरत मोडली. दोघंतिघं तरीही रेंगाळली, बाबा निदान भविष्य तरी सांगतील म्हणून. बाबा मागच्या दारानं केव्हा सटकले ते त्यांनाही कळलं नाही.

तेवढ्यात फोन आला. दाढ निघाली होती. चिंधी भुलीतून जागी झाली होती. घरी नेल्यावर मऊ खाणं आणि मांजरांसाठीचंच औषध, सांगितलं तेवढंच द्यायचं होतं. टेलरबाईनं डोळे पुसले.

दादानं मोठा सुस्कारा सोडला. "वाचली ना? मग झालं तर. अगं, दुकान चालत नव्हतं माझं. लोकांचा तुझ्यावर विश्वास, म्हणून तुझ्या मांजरापासून सुरुवात केली. कुणाचं वाईट व्हावं असं नव्हतं मनात."

"पहिल्यांदा क्लिपा लावल्या तेव्हा ती ओरडली होती?"

दादानं रिकामी गादी गुंडाळायला घेतली. मग म्हणाला, "थोडीशी. मागच्या खोलीत, तू चहा टाकत होतीस तेव्हा."

"म्हणजे तिला दुखतंय हे तुला तेव्हाच कळलं होतं."

"अगं, मांजर ते..."

"तिला सांगता येत नव्हतं, दादा," ती म्हणाली. "तुला येत होतं."