नॅपकिनचं मागच्या जन्मीचं कर्म

"औषध सोडायला सांगणाऱ्याची पायरी चढू नकोस," थोरल्या जाऊबाई म्हणाल्या होत्या. त्या शाळेत रसायनशास्त्र शिकवतात. "ताई, तुम्हाला सगळीकडे परीक्षानळीच दिसते," असं म्हणून मी माझ्या लेकीला, चिऊला, कडेवर घेतलं आणि निघाले. त्याही हट्टानं मागोमाग आल्या.

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल खच्चून भरला होता. दारात एक शिष्या सगळ्यांना हात धुवायला लावत होती, पुसायला नॅपकिन देत होती, आणि औषधं टोपलीत जमा करून घेत होती. चिऊचा दम्याचा पंपही त्यात गेला. आत पाण्यावरून मागच्या जन्मीचं पाप सांगणारे 'कर्मदर्शी' बसलेले. पुढ्यात काचेच्या वाडग्यात पाणी.

आमच्या पुढे शिवणकाम करणारी एक बाई होती. मधुमेही वडिलांच्या वतीनं तिनं हात बुडवले. पाणी नितळच राहिलं.

"मुक्त! वडिलांचं कर्म फिटलं. आता इन्सुलिनची सुई बंद!"

ती रडत-हसत जिना उतरून गेलीसुद्धा.

मग चिऊ. बोटं बुडाली आणि पाणी गुलाबी झालं.

"मागच्या जन्मी हिनं कुणाचा तरी श्वास कोंडलाय," कर्मदर्शी म्हणाले. "भगवान बुद्धांचा नियम आहे, बाई. भोगल्याशिवाय सुटका नाही. दम्याचा पंप म्हणजे कोर्टाची पुढची तारीख. खटला तसाच!"

तेवढ्यात चिऊची छाती शीळ घालू लागली. तिच्या गळ्याखाली खळगा पडायला लागला. हा खळगा मी ओळखते.

"पंप द्या!"

"भोगू दे तिला," म्हणत शिष्येनं टोपली मागे ओढली.

वाडग्यात नवं पाणी भरलेलं होतं. धापा टाकणाऱ्या चिऊच्या मुठीतून नॅपकिन निसटला आणि त्यात पडला. कुणाचा हात लागला नव्हता. तरी पाणी गुलाबी!

"काय हो," जाऊबाईंनी टोपली हिसकावून पंप माझ्या हातात कोंबला, "या फडक्यानं मागच्या जन्मी कुणाचा श्वास कोंडला?"

मी पंप दाबला. एकदा, पुन्हा एकदा. हळूहळू शीळ बारीक झाली.

जाऊबाईंनी दारातल्या दोन गठ्ठ्यांतले नॅपकिन आणून कर्मदर्शींच्याच घागरीतल्या ताज्या पाण्यात बुडवले. एका गठ्ठ्यातल्यानं काहीच झालं नाही, दुसऱ्यातल्यानं पाणी गुलाबी.

"पाण्यात फिनॉल्फथॅलिन हे रसायन आहे. धुण्याचा सोडा लागला की ते गुलाबी होतं. हा गठ्ठा सोड्यात भिजवून वाळवलाय. पापी कोण, हे दारातच ठरतं! आणि बुद्धांचं नाव कशाला घेता? त्यांनी हेतूला कर्म म्हटलंय. पित्तानं, ऋतू बदलल्यानंही दुखणी येतात, हेही त्यांनीच सांगितलंय. खोटं न बोलण्याचं शील तर लहान पोरंही म्हणतात. तुमचा हेतू काय होता, तेवढं सांगा."

लोक पुढे सरकले तसे कर्मदर्शी वाडगा उचलून मागे सरकले.

चिऊ आता शांत झोपलीय. माझा मात्र डोळा लागत नाही. टोपलीत त्या बाईच्या वडिलांचं इन्सुलिन तसंच राहिलं. नॅपकिननं गुलाबी झालेलं पाणी तिला दिसलंच नाही. तिचं नाव, पत्ता कुणालाच ठाऊक नाही.

तुमच्या आळीत शिवणकाम करणारी कुणी असेल, घरात साखरेचा आजार असलेले वडील असतील, तर हे वाचून ठेवून देऊ नका. आत्ता उठा, तिचं दार वाजवा. विचारा, बाबांनी आज सुई घेतली का?