नदीपलीकडच्या झाडाचा कोश

शनिवारी सकाळी सव्वादहा वाजता माझा एक कोश कापला गेला. चाकू केबोनेचा होता आणि हातही तिचाच.

मित्रांनो, मी एक जुनी नाचाची माळ आहे. बोत्स्वानात, शाशे नदीकाठच्या एका गावात माझा जन्म झाला. केबोनेच्या आईने रेशमी पतंगांचे अडुसष्ट कोश झाडांवरून गोळा केले, गरम राखेत लोळवून त्यांवरचे टोचरे केस जाळले, प्रत्येकात चिमूटभर खडे भरले आणि चामड्याच्या वादीत मला ओवले. मी डाव्या पायाची. उजव्या पायाची माझी जुळी बहीण. एकतीस वर्षे आम्ही केबोनेच्या पायांत वाजलो. लोक म्हणत, "केबोने येतेय हे तिची धूळ दिसायच्या आधी कळतं." मग तिचे गुडघे दुखू लागले आणि सात वर्षे मी खुंटीवर लटकले. कोळ्यांनी माझ्यात जाळी विणली. तक्रार नाही, छप्पर गळत नव्हते.

गेल्या महिन्यात केबोनेच्या भावाची मुलगी सेथुन्या आली. ती विद्यापीठात पतंगांचा अभ्यास करते. तिने मला खाली उतरवले, एकेक कोश पट्टीने मोजला आणि शेवटच्या तीन कोशांपाशी थांबली.

"आत्या, हे तीन लहान आहेत. नरांचे असणार. बाकीच्यांसारखेच, मोपानेच्या झाडावरच्या त्याच पतंगाचे."

केबोने चुलीवर ज्वारीचे पीठ घोटत होती. "आण इकडे." तिने डोळे मिटून तिन्ही कोश कानाशी हलवले. "नर-मादी मला शिकवू नकोस गं. नराचा कोश लहान, पण आवाज जाडच. हे बारीक वाजतात, म्हणून तर आईनं टोकाला ओवले. नदीपलीकडच्या मोत्स्विरीच्या झाडावरचे आहेत हे."

"मोत्स्विरीवर रेशमी पतंग कोश करत नाही, आत्या. पुस्तकात नाही तसं."

"मग पुस्तकवाला नदी ओलांडून गेला नसेल! पाण्याला भ्याला असेल."

सेथुन्या हसली नाही. झाड वेगळे, आवाज वेगळा, म्हणजे कदाचित आजवर कुणीच न नोंदवलेला पतंग. पण खात्रीसाठी कोशाच्या आत काय उरले आहे ते पाहायला हवे होते. तो उभा चिरावा लागणार होता, आणि तो आईच्या हातचा होता. केबोनेने तीन दिवस होकार दिला नाही. चौथ्या दिवशी, शनिवारी, "परक्या चाकूनं नको," एवढेच म्हणाली आणि स्वतःच बसली.

आत खडे निघाले. शिवाय भिंतीला चिकटलेली, किड्याने टाकलेली काळी वाळकी कात. ओवताना ती काढायची असते, पण आईकडून राहून गेली होती.

"आई कामात चुकायची नाही म्हणतात सगळे," केबोने म्हणाली. "एकदाच चुकली, ती तुझ्यासाठी."

सेथुन्याने भिंग धरले. मोपानेवरच्या पतंगाच्या कातेला शेपटाशी बारीक, वाकड्या आकड्यांचा झुबका असतो. इथे दोनच आकडे होते. तिने चार वेळा मोजले.

दुपारी केबोनेने चीर शिवली आणि खडे परत भरले. तो कोश आता घोगरा वाजतो. "सर्दी झालीय त्याला," ती शेजारणींना सांगते. मला ते आवडते. खुंटीवर असताना माझ्याबद्दल कुणी काही सांगत नव्हते.

पण नुसत्या कातेवरून नवा पतंग सिद्ध होत नाही. पंख पसरलेला नर हवा, मादी हवी. दोघी नऊ दिवस नदीपलीकडे फिरल्या. मोत्स्विरीचे सरपण फार वेळ जळते, त्यामुळे तिथे झाडे थोडी आणि खुंट फार. मित्रांनो, फांदीवर कुऱ्हाड घालण्याआधी तिच्यावर कोण राहते ते एकदा पाहा. आणि जुनी वस्तू टाकण्याआधी ती कानाशी धरून हलवा.

नवव्या दिवशी त्यांना एकच कोश सापडला, बंद आणि जड. तो ओसरीत जाळीखाली टांगला आहे. केबोने रोज त्याला कान लावते.

"आत हलतंय," काल ती म्हणाली.

"नर असेल की मादी, आत्या?"

"बाहेर आल्यावर त्यालाच विचार."

आज सकाळी सात वाजता दोघींनी पाहिले. कोश अजून उघडलेला नाही.