चारूच्या कोंबड्या

दिनानाथची बायको चारुलता वारली आणि त्याच्या परसातल्या कोंबड्या एकेक करून मान टाकू लागल्या. भिंतीपलीकडे सकवारबाईंच्या कोंबड्या मात्र ठणठणीत. याचंच त्याला जास्त झोंबायचं, कारण त्याही मुळात चारूच्याच. पिल्लं असताना तिनंच टोपलीत घालून नेऊन दिली होती.

दिनानाथ रेल्वेतून निवृत्त झाला, तरी दोघं तमिळ मुलखातल्या वेलचेरीतच राहिली. चारू कोंबड्यांना इंजेक्शन देऊ द्यायची नाही, दुकानातलं खाद्यही नाही. शेवग्याचा पाला, लसूण, ओली हळद, जिरं वाटून ती गोळ्या करायची. गल्लीत रोग आला तरी तिच्या कोंबड्यांना शिवायचा नाही. दगडी पाटा सकवारबाईंच्या परसात होता, म्हणून वाटण तिकडेच व्हायचं. दुपारी चारू पाला घेऊन जायची आणि हिरवी बोटं घेऊन परत यायची. मधल्या वेळात पलीकडून दोघींचं हसू ऐकू यायचं. दिनानाथ भिंतीच्या अलीकडे पेपर वाचत बसायचा.

समोरच्या अपार्टमेंटमधली ऊर्मी पूर्वी त्यांच्याकडून अंडी न्यायची. परवा ती फाटकापुढून तशीच निघाली.

"काका, सॉरी हं. सकवारआजींकडून घेतली. एकदम काकूंच्या अंड्यांसारखी असतात. इम्युनिटीवाल्या कोंबड्या ना!"

'काकूंच्या अंड्यांसारखी.' दिनानाथला दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

त्यानं मनाशी ठरवलं, त्या बाईपेक्षा आपल्या कोंबड्या तगड्या करून दाखवायच्या. काय काय घालायचं ते त्याला माहीत होतं. त्यानं लसूण आणि हळद दुप्पट घेतली, सगळं मिक्सरमधून काढलं आणि कोंबड्यांच्या पाण्यात कालवलं. पाण्यातून सगळ्यांच्या पोटात सारखं जाईल, असा त्याचा हिशेब. ऐन मे महिना. कोंबड्या भांड्यापाशी यायच्या, वास घ्यायच्या आणि मागे सरायच्या. दोन दिवसांत तीन गेल्या. उरली ती काळी, चारूच्या पायात पायात करणारी. आज तिनंही पंख पसरले, चोच उघडी टाकली आणि डोळे मिटले.

दिनानाथनं तिला काखेत घेतलं आणि पलीकडचं फाटक ढकललं.

सकवारबाई पाट्यापाशीच पाला निवडत बसल्या होत्या. त्यांचं तंजावरी मराठी तमिळच्या चालीवर चालायचं.

"अय्यो, अण्णा! काय पाजलं हिला?"

"चारू द्यायची तेच. पाण्यातून."

"पाण्यातून? लसणाच्या वासाचं पाणी कोंबडी पिते काय? तहानेनं मरते आहे ही!"

त्यांनी माठातलं साधं पाणी वाटीत ओतलं आणि काळीची चोच बुडवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काळीनं आपणहून मान वर करून घोट घेतला. दिनानाथ भिंतीला टेकला.

"चारू गोळी कोंड्यात मळायची, चिमूटभर. संध्याकाळी ऊन उतरलं की द्यायची," सकवारबाई म्हणाल्या. "तुम्हाला सांगितलं नाही?"

"तुम्हाला सांगितलं ना," दिनानाथ म्हणाला. त्याला वाटलं त्यापेक्षा आवाज जास्त चढला.

सकवारबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. "विचारलं असतं तर तिनं तुम्हालाही सांगितलं असतं. वाटा आता."

त्यानं वरवंटा घेतला. पाला इकडेतिकडे उडाला.

"हळू, अण्णा. लोखंड ठोकताय काय! चारू हसली असती."

"अशी हसायची ती इथं?"

"रोज. तुमच्यावरच जास्त."

त्याला राग आला. चारूच्या इतक्या दुपारी या बाईकडे होत्या. आणि त्या दुपारींत तोही होता, त्याला नकळत. तो वाटत राहिला.

ऊन उतरल्यावर सकवारबाईंनी गोळी तळहातावर धरली. काळीनं ती टिपली, त्यांच्याच हातून.

"उद्या मी देणार," दिनानाथ म्हणाला.

"मग दुपारी या. वाटायला."

"येतो," तो म्हणाला. "आणि ती माझ्यावर काय हसायची, ते सगळं सांगायचं. काही मागे ठेवायचं नाही."