बंद केलं

"वहिनी, बाबा विहिरीत उतरून राहिले. केबलचा जोड सोडाचा हाये. तुमचं ते बंद करा जी."

अंकुरचा, धाकट्या दिराचा फोन आला तेव्हा मयुरीच्या कडेवर अपेक्षा रडून लाल झाली होती. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतली मोटर नागपूरच्या नंदनवन भागातल्या या दोन खोल्यांतून चालायची. मयुरीनेच सी भाषेत प्रोग्राम लिहून विहिरीवरच्या पेटीत बसवला होता. पेटीला बॅटरी होती, त्यामुळे शेतातली लाईन गेली तरी तो जागा असायचा. आज मात्र पाण्याच्या सेन्सरची वाट बघत अडकून बसला होता. तिने लॅपटॉपवर एका हाताने कंट्रोल-सी, म्हणजे 'नीट आटपून थांब' ही सूचना, दाबलं. हूं नाही की चूं नाही. लेकीने टाहो फोडला, तसं वैतागून तिने 'किल उणे नऊ', म्हणजे जागीच ठार करायचा हुकूम, मारलं. प्रोग्राम जागच्या जागी गेला.

"बंद केलं," ती म्हणाली.

"बाबा, बंद केलं वहिनीनं!" अंकुर ओरडला आणि फोन कटला.

लेक दुधाला लागली. घर शांत झालं, आणि त्या शांततेत मयुरीला स्वतःचेच शब्द पुन्हा ऐकू आले.

काय बंद केलं?

जाताना करायच्या कामांसाठी तिने एक फंक्शन लिहिलं होतं. नाव ठेवलं होतं 'आवर'. प्रोग्राम नीट संपला की 'आवर' पळायचं, मोटरचा खटका पाडायचं, मगच सगळं मिटायचं. पण उणे नऊने मारलेल्याला आवरायला कोण वेळ देतं? खटका सकाळपासून 'चालू'वरच होता. मोटर गप्प होती ती फक्त शेतात लाईन नव्हती म्हणून. लाईन आली की मोटर सुरू, आणि मामाजींच्या, तिच्या सासऱ्यांच्या, ओल्या हातात उघडी तार.

पूर्वी मामाजी, बाबनराव, फ्यूज काढून बंडीच्या खिशात टाकल्याशिवाय विहिरीच्या पायरीवर पाय ठेवत नसत. पेटी बसली आणि ते गावभर सांगत फिरले, "आता फ्यूज कायले काढाचा? सून हाये ना नागपूरले बसून!"

तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली. अंकुरच्या हातात दोर असणार.

लेकीला न सोडवता तिने लॅपटॉप ओढला. प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा आणि नीट संपवायचा, म्हणजे 'आवर' पळेल. तिने सुरू केला.

"आधीच चालू आहे," असं सांगून तो बाहेर पडला.

मेलेला मागे आपली कुलूप-फाईल, म्हणजे 'मी चालू आहे' ही खूण, ठेवून गेला होता. तीही 'आवर'नेच पुसायची होती. फाईलचं नाव दोनदा चुकलं. फाईल उडवली. पुन्हा सुरू. कंट्रोल-सी.

काहीच नाही. पुन्हा त्या सेन्सरची वाट. बोट उणे नऊकडे वळलं आणि तिने ते मुठीत दाबून धरलं. "आवर रे बाबा," ती पुटपुटली, "सावकाश आवर, पण आवर."

लेकीने दूध सोडून वर पाहिलं.

सेन्सरचं उत्तर आलं आणि पडद्यावर ओळ उमटली: मोटर बंद.

तेवढ्यात फोन. "वहिनी, काहून लावला होता? लाईन आली पाहा आत्ताच, दिवा लागला स्टार्टरवर."

"मोटर?"

"मोटर कशी चालन? तुम्हीच तं बंद केली ना."

"अंकुरभाऊ, मघाशी मी प्रोग्राम बंद केला होता. मोटर आत्ता केली. आत्ता."

पलीकडून जिवाच्या आकांताने हाक आली, "बाबा! हात काढा! वर या पयले!"

दोर घासल्याचा आवाज. धापा. मग मामाजी फोनवर आले. "काय झालं वं पोरी? काहून रडतं?"

"मामाजी, फ्यूज काढा. खिशात टाका."

ते गेले, आले. "टाकला."

"दाखवा."

त्यांनी व्हिडिओ लावला. ओल्या, सुरकुतलेल्या तळव्यावर पांढरा फ्यूज होता. मयुरी त्याच्याकडे पाहत राहिली. ते "पाहिला का वं?" म्हणत होते, आणि तिच्याने फोन बंद करवत नव्हता.