बारावी खुर्ची

शेलूबाजारजवळच्या एका मिशन शाळेत मुकेश नावाचा नवा रखवालदार आला. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात सख्ख्या भावाचा जीव घेऊन, शिक्षा भोगून सुटलेला माणूस. वैभवीची लेक सायली तिथंच बालवाडीत जायची. हे कानावर येताच वैभवी तडक फादरकडे गेली.

"ठेवायचा तर तुमच्या चर्चात ठेवा ना, फादर. लेकरांच्या फाटकाशी काहून?"

"शिक्षा सरली त्याची, ताई. आता आपण आणखी कोणती द्यायची?" फादर म्हणाले. "संध्याकाळी पाय धुण्याचा विधी आहे. येऊन पाहा, मग बोलू."

पवित्र गुरुवार होता. येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून त्या दिवशी फादर बारा जणांचे पाय धुतात. वैभवी पोरीचा हात घट्ट धरून मागं उभी राहिली. बाराव्या खुर्चीत मुकेश होता. पाणी पडताच त्यानं पाय ओढून घेतले. फादर तांब्या धरून तसेच गुडघ्यावर थांबले. बऱ्याच वेळानं मुकेशनं एक पाय पुढं केला. दुसरा काही केला नाही.

वैभवीचं मन हललं, पण भीती गेली नाही. सुट्टीनंतर शाळा उघडली, तेव्हा सायलीला आत सोडून ती समोरच्या टपरीआडून फाटकावर नजर ठेवून राहिली. मुकेश रस्ता ओलांडून आला.

"लपून काहून पाहता, ताई? फाटकाशीच उभ्या राहत जा. कोणी पाहून राह्यलं, की मले बी बरं असते."

दुसऱ्या दिवसापासून ती फाटकाशी उभी राहू लागली. फादरकडे मात्र तक्रार घेऊन परत गेली नाही.