आर्चबिशपचा झगा

“सगळा इकल्यान? देवळातली चांदीसुदां?” मापाची टेप गळ्यात अडकवत एकनाथने विचारलं.

“चर्चमधली, दादा,” रेजिनाबाई हसून म्हणाल्या. “लढाईत पकडलेली माणसं सोडवायला. तीही शत्रूकडची! लोक चिडले तर आर्चबिशप म्हणाला, प्रभू मातीच्या ताटात जेवला, मग आपल्याला चांदी कशाला?”

रेजिनाबाई मूळच्या वसईच्या, इथे मस्कतला नर्स. सहाव्या शतकात, आजच्या फ्रान्समध्ये, सिझेरियस नावाचा आर्चबिशप होऊन गेला. त्याच्यावर शुक्रवारी त्यांच्या चर्चच्या हॉलमध्ये नाटक होतं आणि आर्चबिशप होणार होते त्यांचे यजमान विल्सन.

“मगे जरीबिरी नको,” एकनाथ म्हणाला. “साधो पांढरो झगो. पण असो बसवतंय, बघीत ऱ्हवशात.”

एकनाथ मालवणकडचा. मस्कतजवळच्या सीबच्या जुन्या बाजारात, सूकमध्ये, त्याने उभी हयात दिशदाशा, म्हणजे ओमानी पुरुषांचे पायघोळ झगे, शिवण्यात घालवली. अर्ध्या सीबने ईद साजरी केली ती याच्या हातचे कपडे घालून. पण हल्ली डोळ्यांची नस सुकत चालली होती. परवा एका गिऱ्हाइकाच्या दिशदाशाला बाही उलटी लागली, तेव्हा दुकानाच्या अर्बाबाने, मालकाने, त्याचा हात हातात घेतला. “खलास, एकनाथ. अब गाँव जाओ, आराम करो.” माणूस चांगला, म्हणून तर जास्त लागलं. शनिवारचं तिकीट आलं. आता हा झगा शेवटचा. उलट्या बाहीवर आपलं काम संपू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

त्याने झगा बोटांनी चाचपत शिवला. गुरुवारी पोचता केला आणि सुखाने झोपला. शुक्रवारी सकाळी दाढी करताना त्याचा हात गळ्याशी थांबला. अरे देवा, आपण गोंडा लावला! ओमानी दिशदाशाच्या गळ्याशी लोंबतो ना, लोक ज्याला अत्तर लावतात, तो. डोळ्यांची साथ नव्हती, तेव्हा हातांनी आपल्या सवयीने काम उरकून टाकलं होतं. एवढा मोठा पुण्यवान माणूस स्टेजवर यायचा आणि लोक फिदीफिदी हसायचे! कात्री खिशात टाकून त्याने टॅक्सी पकडली.

हॉलमध्ये विल्सन झगा घालून तयारच होते.

“बघितला मी गोंडा,” रेजिनाबाई म्हणाल्या. “गोड दिसतोय. राहू दे हो, आपण ओमानातलेच ना!”

“नाय बाई. चूक ती चूक. हो माझो शेवटचो कपडो.”

रेजिनाबाईंचं हसू मावळलं. विल्सननी मान वर केली. एकनाथने बोटांनी गोंड्याचं मूळ शोधलं आणि कापडाला धक्का न लावता एकेक टाका कापून गोंडा मोकळा केला.

नाटकाला रेजिनाबाईंनी त्याला शेजारी बसवून घेतलं. आर्चबिशपने ताटं विकली, पेले विकले, कैदी सुटून घरी गेले. शेवटी तो रिकाम्या हातांनी उभा राहिला आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. एकनाथला तिथे फक्त एक पांढरा ठिपका दिसत होता.

“बाई,” त्याने हळूच विचारलं, “खांदे बरोबर बसलेहत मा?”

“अगदी बरोबर, दादा.”

मुठीतला गोंडा त्याने खिशात टाकला आणि तोही टाळ्या वाजवू लागला.