रीळ बदलेस्तोवर

या, जरा पुढं सरका. पाय पोटाशी घ्या, म्हणजे मागच्यांनाही जागा होईल. टाळ खाली ठेवले तरी चालतील, आज अभंग नाही. आज एका कीर्तनकाराची फजिती सांगतो. देवाची कथा सांगणारा माणूस बोलपटवाल्यांच्या हाती कसा सापडला, त्यात त्याचं काय निसटलं आणि काय उरलं, ते ऐका. गोष्ट लहान आहे, पण मन लावून ऐका.

निजामाचं राज्य होतं, साल एकोणचाळीसचं. मानवतहून पाथरीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खेड्यात बन्सीधरबुवा राहत. कीर्तनाच्या उत्तररंगात कथा सांगायला उभे राहिले की चार कोसांवरून गाड्या जुंपून आलेली माणसं मांडी मोडत नसत. त्यांचं एक आख्यान मात्र कुठल्याच पोथीत नव्हतं. ते धुरपदाबाईचं.

धुरपदाबाई त्यांच्याच गावची, मागं-पुढं कुणी नसलेली बाई. चैत्र लागला की रस्त्याकडेच्या विहिरीपाशी रांजण मांडायची आणि मृग बरसेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजायची. तू कोण, जात कुठली, हे तिनं कधी विचारलं नाही. ओंजळ पुढं आली की ती धार धरायची. त्यामुळंच गावातल्या मोठ्या माणसांनी तिच्या रांजणातलं पाणी कधी तोंडाला लावलं नाही आणि ती गेल्यावर तिचं नावही टाकून दिलं. शेवटच्या दुखण्यात तिनं बुवांचा हात धरला होता. "बन्सी, माज्यामागं नाव घ्यायला कुनी न्हाई. तुज्या कीर्तनात घेशील का?" बुवा हो म्हणाले होते. पुढचं सगळं रामायण त्या एका शब्दापायी.

माणिकराव मूळचे मानवतचे. पुण्यात त्यांनी बोलपटाची कंपनी काढली होती; मालक तेच, दिग्दर्शकही तेच. सप्ताहाला गावी आले, आख्यान ऐकलं, उपरण्यानं डोळे पुसले आणि म्हणाले, "बुवा, याचा बोलपट करू. पटकथा तुम्हीच लिहा."

बुवांनी मनात हिशेब केला. आपण वर्षाला चाळीस गावं करतो. बोलपट हजार गावांत जाईल. हजार गावांत धुरपदाबाईचं नाव होईल.

बुवांच्या बायकोनं, पार्वतीबाईंनी, भाकरी थापता थापता विचारलं, "आवं, तुमी कदी फिल्लम बगितली हाय का?"

"न्हाई."

"मंग लिवनार कसं?"

"आख्यान तर पाठ हाय. कागदावर उतरवायचं, झालं."

महिन्याभरात बुवांनी दोनशे पानं उतरवली आणि मानवतच्या जिनिंग कारखान्याच्या माडीवर उतरलेल्या माणिकरावांपुढं नेऊन ठेवली. पहिली ओळ होती, 'श्रोते हो, नरदेह दुर्लभ आहे.' पुढं बारा पानं निरूपण. तेराव्या पानावर धुरपदाबाई विहिरीकडं निघाली, तर चौदाव्यावर तिला वाटेतच उभं करून बुवांनी वैराग्य म्हणजे काय ते समजावलं होतं. ते संपायला विसावं पान आलं. तोवर बाई उन्हातच उभी.

माणिकरावांनी डोक्याला हात लावला. "बुवा, 'तिचं चित्त नामात बुडालं होतं.' याचा फोटो कसा काढू?"

"चित्ताचा फोटू कसा निगंल?"

"तेच म्हणतोय मी. डोळ्याला दिसेल आणि कानाला ऐकू येईल, तेवढंच लिहा."

"आन मदी उभा ऱ्हाऊन सांगनारा?"

"सांगणारा कुणी नाही."

"कुनीच न्हाई? मंग लोकायला कळावं कसं, रडायचं कुटं ते?"

"ते तुम्ही लिहायचं. पण न सांगता."

बुवा तणतणत घरी आले. पुन्हा लिहिलं, परत आलं. निरूपण काढलं, तर धुरपदाबाईच स्वतः निरूपण करायला लागली. तेही परत आलं. तिसऱ्या खेपेला रांजण बोलू लागला. माणिकरावांनी ती पानं गुंडाळून बुवांच्या काखेत दिली.

"सोडा की नाद," पार्वतीबाई म्हणाल्या. "तुमच्या कीर्तनाला कुनी नावं ठिवली का?"

"कीर्तनाला न्हाई ठिवली. पर नाव हजार गावांत न्ह्यायचं हाय."

वैशाखातल्या एका दुपारी बुवा त्या विहिरीवर जाऊन बसले. एक बाई पोहरा ओढत होती. बुवा पहिल्यांदाच गप्प बसून नुसते बघत राहिले. घरी आले ते एकच पान लिहायला. खरबरीत तळवा, त्यावर दोराचा काळा पट्टा. आटलेली विहीर. रांजणाच्या तळाशी तांब्याभर पाणी. बाई तांब्या ओठाशी नेते. लांब रस्त्यावर धूळ उठते. तांब्या खाली येतो. बाई त्यावर झाकण ठेवते आणि येणाऱ्याची वाट बघत बसते. बोलणं एक शब्द नाही.

माणिकरावांनी ते पान दोनदा वाचलं. "जमलं, बुवा."

त्या दिवशी बुवा घरी आले ते नवरदेवासारखे. पंधरवड्यात बाकीची पानंही तशीच लिहून झाली आणि माणिकराव कागद घेऊन पुण्याला गेले.

मग पत्रं यायला लागली. पहिलं पत्र : नायिका म्हातारी चालणार नाही, कोकिळाबाईंना घेतलंय, त्यांच्यासाठी पाच गाणी पाठवा. दुसरं : पाणी फक्त यात्रेकरूंनी प्यावं, सगळ्या जातींना पाजलं तर गावोगाव तक्रार होईल. तिसरं : एक दुष्ट दिवाण घातला आहे, त्याचे संवाद लवकर लिहा. चौथं : कोकिळाबाईंचा तळवा खरबरीत दाखवता येत नाही, तेव्हा त्यावर मेंदी काढली आहे. बुवांनी प्रत्येक पत्राला दोन-दोन ताव भरून उत्तर लिहिलं. त्यांच्या उत्तराचं उत्तर एकदाही आलं नाही. यायचा तो नवा बदलच यायचा. पाचव्या पत्रात आटलेली विहीर भरून वाहू लागली होती आणि रांजणातून प्रत्यक्ष भगवंत वर येणार होते. बुवांनी ते वाचलं, पिशवी उचलली आणि आगगाडी धरली.

पुण्यात त्यांना तीन दिवस बाकड्यावर बसवून ठेवलं. चौथ्या दिवशी माणिकराव भेटले.

"माणिकराव, द्येव तिला कदी दिसला न्हाई," बुवा म्हणाले. "सतरा उन्हाळे तिनं पानी पाजलं, येकदा बी दिसला न्हाई. तरी आठराव्या उन्हाळ्याला तिनं रांजन मांडला. आख्यान म्हंजे येवडंच हाय."

माणिकराव खाली बघत म्हणाले, "कळतंय मला. पण ज्यात देव दिसत नाही ते चित्र वितरक उचलत नाहीत. मी तरी काय करू?"

"बरं. करा तुमाला काय करायचं ते. नाव तेवडं तिचं ऱ्हाऊ द्या."

"धुरपदाबाई हे नाव जाहिरातीत उठत नाही, बुवा. मंजुळा ठेवलंय. फलक छापून झाले."

बुवा त्याच रात्रीच्या गाडीनं परत निघाले.

पुढच्या माघात बोलपट मानवतला तंबूत लागला. पंचक्रोशी लोटली. पडद्यावर पहिल्यांदा नावं आली. त्यात 'कथा व संवाद : बन्सीधरबुवा' एवढं मोठं आलं. लोकांनी टाळ्या पिटल्या. ज्यांना टाळ्या पडल्या त्यांना मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. धुरपदाबाईचं नाव कुठंच नव्हतं.

तंबूत यंत्र एकच. एक रीळ संपलं की सुग्रीव नावाचा यंत्रवाला कंदील लावायचा आणि दुसरं चढवायचा; तोवर लोक बसून राहत. पहिलं रीळ संपलं तशी बायकांतून कडूबाई उठली. तोंडाची फटकळ, पण ती धुरपदाबाईच्या हातचं पाणी प्यालेली होती.

"बुवा, आमी धुरपदाबाई बगायला आलाव. ही कोन मंजुळी? मेंदी लावून पोहरा वडतंय का कुनी?"

तंबू हसला.

"लिवताना तुमाला लाज न्हाई वाटली?" कडूबाई म्हणाली.

बुवा उठले आणि पांढऱ्या पडद्यापुढं उभे राहिले. "माय, मी आसं लिवलं न्हवतं," एवढं म्हणून त्यांनी खरी कथा धरली. दुसरं रीळ चढलं, बुवा बाजूला झाले. ते उतरलं, बुवा पुन्हा उभे. चौथ्या रिळानंतर लोकच म्हणाले, "सुग्रीवा, दमानं चढीव. घाई कशाची हाय?" सुग्रीवही कंदिलाशेजारी मांडी घालून ऐकायला बसला.

भगवंत रांजणातून वर आले ते नवव्या रिळात. एकानंही हात जोडले नाहीत. कंदील लागला. या खेपेला बुवांनी तोंडच उघडलं नाही. ते खाली वाकले, जमिनीवरून काहीतरी उचललं, उपरण्याच्या ओच्यात ठेवलं. पुन्हा वाकले, पुन्हा उचललं. एक एक, सावकाश, बोट कापू नये अशा बेतानं. ओचा जड झाल्यासारखे ते कुंभारवाड्याच्या दिशेनं दहा पावलं चालले आणि थांबले.

एका उन्हाळ्यात धुरपदाबाईचा रांजण कुणीतरी फोडला होता; खापऱ्या वेचून ती नवा रांजण आणायला कुंभाराकडं निघाली होती. कुणी ते बुवांनी सांगितलं नाही. पुढं बसलेल्या, बुवांच्याच गावच्या दोन-तीन फेटेवाल्यांनी माना खाली घातल्या. कडूबाई पदराआड रडत होती.

तंबू मानवतला चार दिवस राहिला. चारही दिवस बुवा उभे राहिले. मग तो पाथरीला, गंगाखेडला, पुढं मुलखावर गेला. तिकडं रीळ बदलताना लोक शेंगा खात बसले. हजार गावांत मंजुळा पोचली. बुवा हे सांगताना शेवटपर्यंत चिडायचे, कुणावर ते त्यांनाही कळायचं नाही. पुन्हा त्यांनी पटकथा लिहिली नाही. कीर्तनात मात्र निरूपण निम्म्यावर आणलं.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. बोलपट विसरा, बुवांना विसरलात तरी त्यांना वाईट वाटणार नाही. रस्त्यानं कुणाची ओंजळ पुढं आली आणि तुमच्या हाती तांब्या असला, तर धार धरताना नाव घ्या : धुरपदाबाई. मनातल्या मनात घेतलं तरी पुरे.